टर्बो गाडीला कोणता स्पार्क प्लग लावायचा? खरेदीआधी हे आकडे समजून घ्या

मंडळी, नवी मुंबईतली टर्बो पेट्रोल गाडी दोन अगदी वेगळ्या परिस्थितींत चालते. सोमवार ते शुक्रवार ती सायन-पनवेल महामार्गावर वाशी खाडीपुलाच्या दिशेने पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरकत असते. शनिवारी तीच गाडी कळंबोलीहून द्रुतगती मार्ग पकडते आणि चार माणसं, सामान आणि एसी घेऊन बोरघाट चढते. गर्दीत इंजिनावर फारसा भार नसतो. घाटात मात्र आत भट्टी पेटलेली असते. या दोन्ही ठिकाणी ठिणगी पाडायचं काम एकाच स्पार्क प्लगला करायचं असतं.

हा प्लग चुकीचा निघाला तर गाडी 'मिसिंग' मारते, झटके देते, पिकअप जातो. फारच चुकला तर पिस्टन वितळतो आणि काही शे रुपयांच्या वस्तूपायी इंजिन उघडायची वेळ येते. म्हणून 'सगळ्यात भारी प्लग द्या' असं दुकानदाराला सांगण्याआधी थोडी माहिती घेऊया.

टर्बोमुळे नेमकं काय बदलतं?

साधं इंजिन बाहेरची हवा स्वतःच ओढून घेतं. टर्बो इंजिनात धुराड्यातून जाणाऱ्या वायूवर एक छोटा पंखा फिरतो आणि तो हवा दाबून आत ढकलतो. जास्त हवा, जास्त पेट्रोल, मोठा भडका आणि जास्त ताकद, असा हा सरळ हिशोब आहे. २०१३ मध्ये आलेल्या पोलो जीटी टीएसआयने अवघ्या १.२ लिटरच्या इंजिनात ही गंमत आपल्याकडच्या अनेकांना पहिल्यांदा दाखवली. ही गाडी आपल्या चाकणलाच बनायची. आज व्हर्टस, स्लाव्हिया, टायगुन, कुशाक, नेक्सॉन, आय२० एन लाइन अशा कितीतरी टर्बो पेट्रोल गाड्या रस्त्यावर दिसतात.

या दाबाचे प्लगवर दोन परिणाम होतात. एक म्हणजे प्लगच्या टोकाला जास्त उष्णता सोसावी लागते. दुसरं म्हणजे दाट हवेतून ठिणगी उडी मारायला जास्त व्होल्टेज लागतं. प्लगची निवड या दोन गोष्टींवरच होते.

पहिला आकडा: हीट रेंज

'हॉट' प्लगची ठिणगी जास्त गरम असते, असा बऱ्याच जणांचा समज असतो. ठिणगीच्या तापमानाशी हीट रेंजचा काहीही संबंध नाही. प्लग आपल्या टोकाची उष्णता किती लवकर इंजिनच्या हेडकडे सोडून देतो, एवढंच ती सांगते. आतल्या पांढऱ्या चिनीमातीचं नाक लांब असेल तर उष्णता हळू निघते आणि तो 'हॉट' प्लग ठरतो. नाक आखूड असेल तर उष्णता पटकन निघते आणि तो 'कोल्ड' प्लग ठरतो.

प्लगचं टोक साधारण ४५० ते ८५० अंश सेल्सियसच्या दरम्यान राहायला हवं. त्याखाली गेलं तर काजळी जळून जात नाही, ती साठते आणि ठिणगी मरते. त्याच्या बरंच वर गेलं तर टोक निखाऱ्यासारखं लाल होतं आणि ठिणगी पडण्याआधीच पेट्रोल पेटवतं. पिस्टन वर येत असतानाच वरून भडका उडाला तर काय होईल, याची कल्पना करा. पिस्टनला भोक पडतं ते असं.

म्हणजे जास्त कोल्ड प्लग वाशीच्या गर्दीत काजळतो आणि जास्त हॉट प्लग घाटात घात करतो. एका पायरीच्या फरकाने टोकाचं तापमान साधारण ७० ते १०० अंशांनी बदलतं, त्यामुळे 'एकच तर नंबर' म्हणून सोडून देऊ नका.

इथे आणखी एक मेख आहे. एनजीके आणि डेन्सो या जपानी कंपन्यांच्या प्लगवर आकडा जितका मोठा तितका प्लग कोल्ड. बॉशच्या आजच्या क्रमांकांत बरोबर उलटं आहे, तिथे लहान आकडा म्हणजे कोल्ड. डेन्सोचे आकडेही वेगळेच असतात. एनजीकेचा ६ म्हणजे डेन्सोचा साधारण २०, आणि ७ म्हणजे साधारण २२. त्यामुळे कंपनी बदलताना आकडा तोच ठेवून चालत नाही, तक्ता पाहूनच जोडी लावावी लागते.

दुसरा आकडा: गॅप

प्लगच्या दोन टोकांमधलं अंतर म्हणजे गॅप. टर्बो नसलेल्या अनेक गाड्यांत तो १ ते १.१ मिलिमीटर असतो. टर्बो गाड्यांत तो सहसा कमी, म्हणजे ०.६ ते ०.८ मिलिमीटरच्या आसपास ठेवतात. गॅप मोठा आणि बूस्ट जास्त असला की कॉइलचा जोर अपुरा पडतो. मग हळू चालवताना गाडी गुळगुळीत चालते, पण ओव्हरटेक करायला पाय दाबला की अडखळते. पण गॅप फारच कमी केला तर ठिणगी लहान पडते आणि गाडी उभी असताना थरथरते.

नवीन प्लग 'आधीच सेट केलेला' आला तरी फीलर गेजने तपासावा. इरिडियम प्लगचं मधलं टोक अगदी बारीक असतं, त्यावर जोर देऊन गॅप बदलू नका. वाकवायची ती फक्त बाहेरची पट्टी, आणि तीही ०.२ मिलिमीटरपेक्षा जास्त नको.

डब्यावरचा कोड कसा वाचायचा?

उदाहरणार्थ 'बीकेआर७ईआयएक्स-११' हा एनजीकेचा कोड घ्या.

- बीके: १४ मिलिमीटरचे आटे आणि १६ मिलिमीटरचा पाना
- आर: आत रेझिस्टर आहे (इंजिनच्या संगणकाला विद्युत गोंगाटाचा त्रास होऊ नये म्हणून हा हवाच)
- ७: हीट रेंज
- ई: आट्यांची लांबी १९ मिलिमीटर
- आयएक्स: इरिडियम
- ११: गॅप १.१ मिलिमीटर

आता लक्षात येईल, की हा प्लग टर्बो गाडीत घट्ट बसला तरी शेवटचा आकडा तिथे अडचणीचा ठरू शकतो. आट्यांची लांबी चुकली तर त्याहून वाईट. लांब प्लग पिस्टनवर आदळू शकतो.

निकेल, प्लॅटिनम की इरिडियम?

निकेल १४५५ अंशांना वितळतं, प्लॅटिनम १७६८ अंशांना आणि इरिडियम जवळपास २४५० अंशांना. इरिडियम कठीणही असल्यामुळे टोक बारीक ठेवता येतं, आणि बारीक टोकावरून ठिणगी कमी व्होल्टेजमध्ये उडते. टर्बोला हेच हवं असतं. 'कॉपर' नावाने मिळणाऱ्या निकेल टोकाच्या प्लगमध्येही उष्णता चांगली निघते आणि तो स्वस्त असतो, पण लवकर झिजतो. रेसिंगवाले दर काही दिवसांनी प्लग बदलतात, त्यांना ते परवडतं. रोज ऑफिसला जाणाऱ्या गाडीला इरिडियम किंवा प्लॅटिनमच सोयीचा. मात्र यातल्या कशानेही इंजिनची ताकद आपोआप वाढत नाही.

मग तुमच्या गाडीला कोणता?

गाडी कंपनीतून आली तशीच असेल, तर उत्तर सोपं आहे. माहितीपुस्तिकेत दिलेला क्रमांक, तोच गॅप. कंपनीने गर्दी आणि घाट, दोन्हींचा विचार करून तो ठरवलेला असतो.

गाडी रिमॅप करून बूस्ट वाढवला असेल, तर प्लगचा विचार नव्याने करावा लागतो. प्रत्येक ७५ ते १०० हॉर्सपॉवर वाढीमागे एक पायरी कोल्ड, असा ढोबळ नियम आहे. एक लिटरच्या इंजिनाच्या साध्या रिमॅपमध्ये वाढ यापेक्षा बरीच कमी असते. त्यामुळे 'रिमॅप केलं म्हणजे दोन पायऱ्या कोल्ड' हा सल्ला ऐकू नका. ट्यूनरने इंजिनचा डेटा पाहून सांगितलं तर एक पायरी कोल्ड आणि गॅप थोडा कमी, एवढं सहसा पुरतं. रिमॅपमुळे वॉरंटी आणि विम्याच्या दाव्यात अडचण येऊ शकते, हेही लक्षात ठेवा.

जुना प्लग काय सांगतो?

- फिकट तपकिरी किंवा राखाडी: सगळं ठीक
- कोरडी काळी काजळी: पेट्रोल जास्त जातंय किंवा प्लग जास्त कोल्ड आहे
- ओला, तेलकट: रिंग किंवा टर्बोतून ऑइल आत येतंय, नुसता प्लग बदलून भागणार नाही
- पांढराफटक, फोड आलेला: प्लग जास्त हॉट आहे किंवा पेट्रोल कमी पडतंय, गाडी तशीच घाटात नेऊ नका

बसवताना हे विसरू नका

इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच प्लग काढा. हेड ॲल्युमिनियमचं असतं, गरम असताना जोर लावला तर आटे जातात आणि मग खर्च भलताच वाढतो. काढण्याआधी खड्ड्यातली धूळ हवेने उडवा. नवा प्लग आधी हाताने फिरवा, मग टॉर्क रेंच वापरा. किती घट्ट करायचा ते पुस्तिकेत दिलेलं असतं. आट्यांना ग्रीस लावू नका, त्यामुळे प्लग गरजेपेक्षा जास्त आवळला जातो. हातातून खाली पडलेला प्लग वापरू नका, चिनीमातीला गेलेली बारीक चीर दिसत नाही. बदलताना सगळे प्लग एकदमच बदला.

आणि चालवताना चेक इंजिनचा दिवा लुकलुकायला लागला, तर पाय हलका करून गाडी बाजूला घ्या. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं, आणि तो प्लगच्या कितीतरी पट महाग असतो.

तर मंडळी, पुढच्या सर्व्हिसिंगला मेकॅनिकने नवा प्लग पुढे केला की दोनच प्रश्न विचारा: हीट रेंज किती आणि गॅप किती? उत्तरं पुस्तिकेशी जुळली तर खुशाल लोणावळ्याला निघा. माहिती कामाची वाटली तर तुमच्या गाडीवेड्या मित्रालाही पाठवा!