पास होतेय ना, मग पुरे!

आजच्या भागात एका शाळकरी मुलीची केस आहे आणि तिच्यासोबत एका शब्दाची गोष्ट. शब्द साधाच आहे, 'योग्य'. इंग्रजी कायद्यात 'अप्रोप्रिएट'. अमेरिकेतल्या सरकारी शाळांमधलं अख्खं विशेष शिक्षण या एका शब्दावर उभं आहे. तिथे राहणाऱ्या ज्या मराठी आईबाबांची मुलं 'आयईपी'वर आहेत, त्यांना हा शब्द वेगळा समजावून सांगायची गरज नाही.

थोडं मागे जाऊया. १९७० च्या आसपास पेनसिल्व्हेनियात असा कायदा होता की मुलाचं 'मानसिक वय' पाच वर्षांचं झालेलं नसेल, तर शाळा त्याला दारातूनच परत पाठवू शकते. पालकांची संघटना कोर्टात गेली. १९७१-७२ मध्ये तडजोड झाली आणि बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रत्येक मुलाला मोफत सरकारी शिक्षण देणं राज्याला मान्य करावं लागलं.

१९७२ मध्येच वॉशिंग्टन डीसीत 'मिल्स' खटला झाला. सात मुलं होती. शाळा मंडळ म्हणालं, पैसे नाहीत. न्यायाधीश जोसेफ वॅडी यांनी ही सबब चालू दिली नाही. त्यांच्या निकालाचा मथितार्थ असा, की पैसा कमी असेल तर ती झळ सगळ्यांनी वाटून घ्या, फक्त याच मुलांच्या ताटातलं काढू नका.

मग २९ नोव्हेंबर १९७५ ला राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी देशभराच्या कायद्यावर सही केली. त्या कायद्याच्या मजकुरातच आकडे दिले आहेत. देशात ८० लाखांहून जास्त अपंग मुलं, त्यातल्या निम्म्याहून जास्त मुलांना योग्य शिक्षण नाही आणि १० लाख मुलं सरकारी शाळेच्या पूर्ण बाहेर. कायद्याने प्रत्येक मुलासाठी लेखी वैयक्तिक योजना, म्हणजेच आयईपी, बंधनकारक केली. शक्य तितकं इतर मुलांसोबत शिकवायचं आणि पटलं नाही तर पालक दाद मागणार, हेही त्यात आलं. जादा खर्चासाठी केंद्र सरकार सरासरी दर-विद्यार्थी खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत रक्कम देईल असंही ठरलं. तो ४० चा आकडा आजवर एकदाही गाठला गेलेला नाही. फोर्ड यांनी सही करतानाच कुरकुर केली होती की हे आश्वासन झेपणारं नाही.

आणि या सगळ्यात 'योग्य' म्हणजे नेमकं किती, हे कोणी लिहिलंच नाही.

इथे येते एमी रौली. न्यूयॉर्क राज्यातल्या पीकस्किलची कर्णबधिर मुलगी. आईवडीलही कर्णबधिर. शाळा काही वाईट नव्हती हं. तिथल्या काही लोकांनी सांकेतिक भाषेचे धडे घेतले. पालकांशी बोलता यावं म्हणून मुख्याध्यापकांच्या ऑफिसात टेलिटाइप मशीन बसवलं. एमीला खास श्रवणयंत्र, रोज तासभर वेगळा शिक्षक आणि आठवड्याला तीन तास स्पीच थेरपी दिली. पालकांचं म्हणणं एवढंच होतं की वर्गात सांकेतिक भाषेचा दुभाषी हवा. शाळा म्हणाली, कशाला? पोरगी सरासरीपेक्षा चांगली चाललीय की!

प्रकरण थेट सुप्रीम कोर्टात गेलं. मार्च १९८२ मध्ये एमीच्या बाजूने उभे राहिले मायकेल चॅटॉफ. त्या कोर्टात युक्तिवाद करणारे ते पहिले कर्णबधिर वकील. न्यायमूर्तींचे प्रश्न कळावेत म्हणून त्यांच्यासमोर एक स्क्रीन ठेवला होता. बोललेलं टाइप होत होतं, कॉम्प्युटर त्याची अक्षरं करून दाखवत होता. आज आपण ज्याला लाइव्ह कॅप्शन म्हणतो तेच, पण १९८२ मध्ये!

जूनमध्ये निकाल आला. सहा विरुद्ध तीन, एमी हरली. न्या. रेन्क्विस्ट यांनी लिहिलेल्या निकालाचा सार असा, की कायद्याने शाळेचं दार उघडलंय, मुलाच्या पूर्ण क्षमतेइतकं शिक्षण द्यायचं वचन दिलेलं नाही. मुलाला शिक्षणाचा काही लाभ होत असेल आणि ते वरच्या वर्गात जात असेल, तर कायदा पाळला गेला. न्या. व्हाइट यांचं मत विरोधात होतं. दुभाष्याशिवाय एमीला वर्गातलं निम्म्याहून कमी कळत होतं, मग ही समान संधी कशी, असा त्यांचा मुद्दा.

म्हणजे बघा, वकिलाला एकेक शब्द दिसावा अशी सोय ज्या कोर्टात झाली, त्याच कोर्टाने मुलीला निम्मे शब्द चुकले तरी चालेल असं ठरवलं.

रेन्क्विस्ट यांची बाजू अगदीच पोकळ नव्हती. शिकवायचं कसं हे न्यायाधीशांनी ठरवू नये, हे म्हणणं मलाही पटतं. खटकते ती मोजपट्टी. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात डॅशबोर्ड हिरवा दिसला म्हणून कोणी निर्धास्त होत नाही. तो हिरवा ठेवायला कोण रात्रभर जागतंय, हेही बघावं लागतं. एमीचे मार्क हिरवे होते. पण अर्धं ऐकून पूर्ण समजून घ्यायची मेहनत त्या मार्कांमध्ये दिसत नव्हती. हुशार मुलीची हुशारीच तिच्या विरोधात पुरावा ठरली.

पुढे काही खालच्या कोर्टांनी या निकालाचा अर्थ आणखी आकसून घेतला. शून्याच्या जरासं वर, एवढी प्रगती झाली तरी पुरे! ते मोडायला ३५ वर्षं लागली. मार्च २०१७ मध्ये कोलोरॅडोच्या एका ऑटिस्टिक मुलाच्या, एंड्र्यू एफ.च्या, खटल्यात सुप्रीम कोर्टाने एकमताने सांगितलं की योजना त्या मुलाच्या परिस्थितीनुसार खरीखुरी प्रगती घडवणारी हवी. पण रौलीचा निकाल रद्द केला नाही.

आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सर्वसमावेशक शिक्षण आहे. २०२१ मध्ये भारताच्या सुप्रीम कोर्टाने विशेष शिक्षकांचं प्रमाणही सांगितलं. प्राथमिकला दहा विशेष गरजा असलेल्या मुलांमागे एक, वरच्या वर्गांना पंधरामागे एक. आकडा आला हे चांगलंच झालं, कारण आकड्याशिवाय भरतीसाठी भांडताही येत नाही. पण शिक्षक वर्गात आल्यावर 'आता पुरे' कुठे म्हणायचं, हा प्रश्न आपल्यालाही सुटलेला नाही.

आणि एमी? कुटुंब न्यू जर्सीला गेलं, तिथल्या शाळेत तिला दुभाषी मिळाला. पुढे ती कॅलिफोर्नियात अमेरिकन सांकेतिक भाषेची प्राध्यापक झाली.

तुमच्या ओळखीत कुणाला शाळेने 'पास होतोय ना, मग अजून काय हवं' असं ऐकवलं असेल, तर हा भाग त्यांना नक्की पाठवा. भेटूया पुढच्या भागात.