पंचवीस हजारांची झोप

'मनी वसे ते स्वप्नी दिसे' ही म्हण आमच्या कोपरगावच्या गोदाकाठी एकदा चांगली घोळली असणार. १७८२ च्या सालबाईच्या तहाने राघोबादादांना दरमहा पंचवीस हजारांची नेमणूक मिळाली आणि ते इथे राहायला आले. १७५८ त पंजाबपर्यंत स्वारी नेलेला माणूस! १७७३ त नारायणरावाचा खून पडून पेशवाई हाती आली, आली म्हणता म्हणता गेलीही. आता समोर काय, तर नदी आणि पेन्शन.

आमची आत्या म्हणायची, स्वप्नात लग्न दिसलं की वाईट, मरण दिसलं की आयुष्य वाढतं. त्या हिशेबाने दादांना पेशवाईची वस्त्रंच दिसत असावीत. कारण ११ डिसेंबर १७८३ ला ते इथेच वारले.

फ्रॉइडसाहेबांनीही १८९९ त तेच सांगितलं : स्वप्न म्हणजे इच्छापूर्ती. (म्हणीला जर्मन येत नव्हतं, एवढंच!) पुढे १९५३ त शिकागोत आढळलं की झोपेत मिटल्या पापण्यांआड डोळे भराभर फिरतात; तेव्हा उठवलं तर माणूस बहुधा स्वप्न सांगतो. हा फेरा साधारण दीड तासाने येतो. म्हणजे रात्रीतून चार-पाच वेळा शनवारवाडा, आणि डोळे उघडले की कोपरगाव!

सगळीच स्वप्नं गादीची नसतात म्हणा. तुकोबांना स्वप्नात गुरूंनी मंत्र दिला, वर जेवायला पावशेर तूप मागितलं. तुकोबा तूप विसरले ते स्वप्नातच.

दादांचं स्वप्न मात्र मुलाच्या वाट्याला आलं. दुसरे बाजीराव १७९६ त पेशवे झाले आणि १८१८ त तेही पेन्शनीत निघाले. सालीना आठ लाख, मुक्काम ब्रह्मावर्त. नदी तेवढी गंगा.