काळीज, यकृत आणि किडकिडीत देह

मराठीत काळीज तुटते, पिळवटते, त्याचे पाणी होते. आनंदाने ते सुपाएवढेही होते. खाटकाच्या दुकानात मात्र कलेजी मागितली की हाती यकृतच पडते. शब्दाच्या मुळाशी असलेल्या संस्कृत 'कालेय'चा अर्थही यकृत असाच आहे. कवितेने तो हृदयाकडे सरकवला आणि आम्ही वर्षानुवर्षे अर्थांतराचे उदाहरण म्हणून तो वर्गात शिकवत आलो.

या शब्दाचा जुना अर्थ आम्हांला पुन्हा आठवला तो एका माजी विद्यार्थ्यामुळे. वय पंचविशीच्या आत, अंगकाठी किडकिडीत. आरोग्य शिबिरातील रक्ततपासणीत त्याचे कोलेस्टेरॉल थोडे वाढलेले निघाले, एसजीपीटी हे यकृताचे विकरही मर्यादेच्या किंचित वर. 'सर, कागदाची अदलाबदल झाली असेल,' तो म्हणाला. आणि आम्हांलाही ते खरे वाटले, हे कबूल केले पाहिजे. ढेरपोट्या सावकार आणि हडकुळा कष्टकरी ही जोडी आमच्या ग्रामीण कथेने इतकी घोटून घेतली आहे की चरबी हा श्रीमंताचाच रोग, असे आम्ही न तपासता मानत होतो.

कोलेस्टेरॉलचा इतिहास सुरू होतो तोही यकृताच्या शेजारीच. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये पित्ताशयातील खड्यांत हा पदार्थ सापडला आणि शेव्रल या रसायनशास्त्रज्ञाने 1815 च्या सुमारास त्याला नाव दिले. त्यातील ग्रीक पदांचा अर्थ 'पित्त' आणि 'घट्ट'. शरीरातील बहुतेक कोलेस्टेरॉल ताटातून येत नाही, शरीरच ते तयार करते आणि त्यात यकृताचा वाटा मोठा. विकरांची तपासणी बरीच नंतरची, 1950 च्या दशकातली. यकृताच्या पेशी दुखावल्या की ती रक्तात झिरपतात, एवढाच तिचा आधार.

किडकिडीत देहाचे कोडे उलगडू लागले ते पुण्यात. के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून पुणे परिसरातील खेड्यांत गर्भवतींच्या पोषणाचा अभ्यास सुरू केला. तेथील नवजात बाळांचे सरासरी वजन 2.7 किलो, इंग्लंडमधील बाळांचे 3.5. स्नायू कमी, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून. पुढे 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले गेले. दोघांचाही देहभार निर्देशांक 22.3, चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2. त्या एका चित्राने आमची सावकार-कष्टकरी जोडी निकालात काढली.

पुण्याचे निष्कर्ष भंडाऱ्याला जसेच्या तसे चिकटवणे धाडसाचे ठरेल. तरी हा तलावांचा आणि धानाचा मुलूख 1896-97 व 1899-1900 च्या दुष्काळांत होरपळलेल्या मध्य प्रांताचाच भाग होता, हे विसरता येत नाही. पिढ्यान्‌पिढ्या कमी खाऊन राबलेल्या घरातला मुलगा आज दिवसभर खुर्चीत बसतो, बाटलीतले गोड पेय पितो आणि वर खर्रा चघळतो. खर्ऱ्यातला तंबाखू हृदयाला घातक, हे वेगळे सांगायला नको.

विद्यार्थ्याने प्रथम काय केले? भात सोडला. आमच्या जिल्ह्यात ही जवळपास संन्यासाचीच घोषणा! कोणीतरी यकृताचा काढाही सुचवला. मुंबईतील डॉक्टरांनी 2021 मध्ये गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेले रुग्ण नोंदवले होते. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, वाद झाला. आमच्या मते किंचित वाढलेल्या आकड्यांवर तपासणीविना काढा घेणे शहाणपणाचे नव्हे.

डॉक्टरांनी आधी मद्य, चालू औषधे, कावीळ ब आणि क, थायरॉइड यांची चौकशी केली. सिकलसेलचीही केली, कारण पूर्व विदर्भात तो आजार आहे आणि तांबड्या पेशी फुटल्यानेही एसजीओटी वाढू शकते. पोटाच्या सोनोग्राफीत यकृतावर चरबी दिसली. गोळी दिली नाही. घातक कोलेस्टेरॉल 190 च्या वर असते, किंवा घरात कमी वयात हृदयविकार झालेला असता, तर गोष्ट वेगळी होती. भात सोडू नका, निम्मा करा. शेजारी डाळ, भाजी, जवसाची चटणी वाढवा, गोड पेये बंद, रोज झपझप चाला. वजनकाट्यापेक्षा कंबर मोजा, असेही बजावले. आपल्याकडे पुरुषांसाठी 90 सेंटिमीटर ही मर्यादा मानतात.

चार महिन्यांनी तो पुन्हा आला. एसजीपीटी मर्यादेत आले होते, कोलेस्टेरॉल जेमतेम उतरले होते, कंबर दोन बोटे कमी. आईची तक्रार मात्र जुनीच होती. पोट्टा वाळला, याला कोणी काही खायला सांगा, असे ती आम्हांलाच म्हणाली.