जुन्या गाण्यांची चिठ्ठी

वर्ध्याच्या बाजारात कॅसेट भरून देणारी दुकानं होती तेव्हाची गोष्ट. वहीचं पान फाडून त्यावर गाण्यांची यादी लिहायची आणि काउंटरवर सरकवायची. दुकानदार विचारायचा, "भाऊ, साठची भरू का नव्वदची?" साठच्या कॅसेटला एका अंगाला तीस मिनिटं, म्हणजे आठ-नऊ गाणी. शेवटचं गाणं मधेच तुटू नये म्हणून तो कानामागची पेन्सिल काढून मिनिटांची बेरीज करायचा. चिठ्ठीच्या तळाशी आम्ही एक ओळ न चुकता लिहायचो : 'ओरिजनलच पायजे.' कारण रफी-मुकेशची गाणी नव्या गायकांकडून गाऊन घेतलेल्या स्वस्त कॅसेटांचा तेव्हा सुळसुळाट होता. नाव जुन्या गाण्याचं, आवाज भलत्याचाच.

निवडक जुन्या गाण्यांचा अल्बम ही कंपन्यांची कल्पना, असं मी बरीच वर्षं समजत होतो. तसं नाही. तो चिठ्ठीतूनच निघाला. पण त्याआधी अल्बम या शब्दाचं पाहू, कारण तो मुळात गाण्याचा नाहीच. लॅटिनमध्ये 'आल्बस' म्हणजे पांढरा. रोममध्ये सरकारी सूचना लिहायचा पांढरा फळा असे, तो आल्बम. पुढे सह्यांची वही अल्बम झाली, मग फोटोंची. मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत. लांबलचक संगीत असलं की चार-पाच तबकड्या लागत. त्या पुठ्ठ्याच्या पाकिटांत घालून वहीसारख्या बांधून विकत. दिसायला फोटोंच्या वहीसारखी, म्हणून तीही अल्बम. 1948 साली कोलंबिया कंपनीने लाँग प्ले आणली आणि अख्खी वही एका तबकडीत मावली. वही गेली, नाव राहिलं.

आता त्या 78च्या तबकडीकडे जरा जवळून पाहा. ती प्लॅस्टिकची नाही. दगडाची भुकटी आणि काजळी यांना एकत्र धरून ठेवणारा माल म्हणजे लाख. बांगड्यांची लाख, दप्तराला सील ठोकायची लाख, तीच. पळस, कुसुम, बोर यांच्या कोवळ्या फांद्यांवर एक बारीकसा किडा बसतो, रस शोषतो आणि अंगाभोवती राळेचं कवच बांधतो. ते खरवडून, धुऊन, वितळवून चपडा करतात. आम्ही विदर्भातले लोक पोळ्याला दारात पळसाच्या मेढ्या लावतो. गोंदिया-भंडाऱ्याकडच्या जंगलात लाख होते हेही ऐकून असतो. पण अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लूज संगीताच्या तबकड्या याच मालावर चालत हे शाळेत कुणी सांगितलं नाही. जगाला लाख पुरवणारा मुख्य देश हिंदुस्थान होता.

म्हणूनच महायुद्धात गंमत झाली. म्हणजे आपण आता गंमत म्हणायची. समुद्रमार्ग धोक्यात आले आणि लाख लष्करी कामालाही हवी होती. 1942 साली अमेरिकी सरकारने तबकड्यांसाठीच्या लाखेत 70 टक्के कपात केली. जुन्या तबकड्या परत आणून द्या, असं गिऱ्हाइकांना सांगण्यात आलं. मोठ्या कंपन्यांनी हात आखडता घेतला तो आधी कृष्णवर्णीय गायकांच्या बाबतीत. युद्ध संपल्यावर ही रिकामी जागा छोट्या कंपन्यांनी भरली : न्यूयॉर्कची अटलांटिक 1947 सालची, शिकागोची चेस 1950 सालची. कृष्णवर्णीयांच्या संगीताला तोवर 'रेस रेकॉर्ड्स' म्हणत, म्हणजे सरळ वंशाचा शिक्का. बिलबोर्ड साप्ताहिकातल्या जेरी वेक्सलर यांनी 'ऱ्हिदम अँड ब्लूज' हे नाव सुचवलं, ते 1949 साली तिथल्या गाजणाऱ्या गाण्यांच्या यादीच्या मथळ्यावर आलं.

छोट्या कंपन्यांची खोड अशी की गाणं चाललं तोवर छापायचं, मग दुसरं. चार वर्षांनी ते मागायला गेलं तर दुकानात मिळायचं नाही. त्यात गाजलेलं गाणं गोऱ्या गायकांकडून पुन्हा गाऊन घ्यायची चाल. 'श-बूम' हे कॉर्ड्स या कृष्णवर्णीय गटाचं 1954 सालचं गाणं. त्याच वर्षी क्रू-कट्स या गोऱ्या गटाने ते गायलं आणि जास्त खपवलं. मूळ आवाज मागे पडला. आमची 'ओरिजनलच पायजे'ची तक्रार, फक्त तीस वर्षं आधी.

लॉस एंजेलिसचे रेडिओ निवेदक आर्ट लाबो हॉलिवूडच्या एका ड्राइव्ह-इन हॉटेलातून कार्यक्रम करत. गाडीतच बसून खाणारी पोरं त्यांना फर्माइशी सांगत : हे गाणं हिच्यासाठी लावा, ते त्याच्यासाठी. लाबोंच्या लक्षात आलं की मागणी फिरून फिरून जुन्याच गाण्यांची येते. जुनी म्हणजे किती? चार-पाच वर्षांपूर्वीची! सोळा वर्षांच्या पोराला तेवढंही पुरतं. 1959 साली त्यांनी वेगवेगळ्या कंपन्यांकडून परवानग्या घेतल्या आणि ती गाणी मूळच्याच आवाजात एका लाँग प्लेवर आणली. नाव 'ओल्डीज बट गुडीज'. कंपनी त्यांची स्वतःची, तिचं नाव 'ओरिजिनल साउंड'. हा अल्बम बिलबोर्डच्या यादीत तीन वर्षांहून जास्त टिकला. नंतरच्या सगळ्या 'सदाबहार' आणि 'अवीट गोडीच्या' गठ्ठ्यांचा हा थोरला भाऊ. माझ्या मते त्यातला एकही त्याच्याइतका प्रामाणिक नाही, कारण पुढच्या याद्या कचेरीत बसून झाल्या.

तिकडे लाख मागे पडून व्हायनिल आलं तरी आपल्याकडे 78चा कारखाना थांबला नव्हता. कोलकात्याजवळ दमदमला बीटल्सची गाणीसुद्धा 78वर निघाली. आज परदेशी संग्राहक त्यासाठी धडपडतात.

तेव्हा घरातल्या माळ्यावर आजोबांची एखादी जड, काळी तबकडी सापडली तर दोन गोष्टी करा. लाँग प्लेची सुई तिच्यावर ठेवू नका. 78चा चर लाँग प्लेच्या चराच्या जवळपास तिप्पट रुंद असतो, सुई वेगळी लागते. आणि धूळ पुसायला स्पिरिट घेऊ नका. आमचे सुतार चपडा स्पिरिटमध्येच विरघळवून दाराला पॉलिश मारतात. हे ठाऊक असूनही मी एक तबकडी स्पिरिटने पुसली होती. बोळा काळा झाला, तबकडी मुकी.