वाद्यदुरुस्ती, महाराष्ट्रातील

सततच्या वापरामुळे, हवेतील ओलाव्यामुळे व कालमानाने वाद्यांच्या अवयवांत निर्माण होणारे दोष दूर करून त्यांचा मूळ नाद परत मिळविण्याची कला. वादकाने नित्य घ्यावयाची निगा व कारागिराने करावयाचे काम या दोहोंचा तीत अंतर्भाव होतो. भरताच्या नाट्यशास्त्रात पुष्कर वाद्यांच्या मुखांवर नदीकाठची माती लेपून स्वर जुळविण्याची रीत (मार्जना) वर्णिली आहे. वाद्य सिद्ध करणे हा वादनाचाच भाग समजला जात असे, हे यावरून दिसते.

मिरजेची परंपरा : मिरजेतील तंतुवाद्यनिर्मितीचा उगम दुरुस्तीत आहे. मिरजेतील शिकलगार घराणी पिढ्यान्‌पिढ्या शस्त्रांना धार लावण्याचा व्यवसाय करीत. मराठी सत्तेच्या अस्तानंतर शस्त्रांची मागणी घटली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेब शिकलगार व त्यांचे बंधू यांनी संस्थानात येणाऱ्या कलावंतांची वाद्ये दुरुस्त करण्यास सुरुवात केली व त्या अनुभवातून पुढे ते नवी वाद्ये घडवू लागले, असे परंपरा सांगते. त्यांच्या वंशजांना ‘सतारमेकर’ हे नाव पडले. तुणीचे लाकूड व पंढरपूर-मंगळवेढे भागातील भोपळे ही या व्यवसायाची मुख्य सामग्री होय. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळाले.

शिक्षणातील स्थान : विष्णु दिगंबर पलुसकर (१८७२–१९३१) यांचे संगीतशिक्षण मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे झाले. त्यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले व १९०८ मध्ये मुंबईत त्याची शाखा काढली. तेथे गायन-वादनाबरोबरच वाद्यांची निर्मिती व दुरुस्ती यांचीही सोय होती. संगीत घराण्यांबाहेरील मध्यमवर्गीय विद्यार्थ्यांपर्यंत न्यावयाचे, तर त्यांना वाद्ये सांभाळताही आली पाहिजेत, ही गरज त्यामागे होती. कर्जापायी १९२४ मध्ये मुंबईतील वास्तूचा लिलाव झाला. अब्दुल करीमखाँ (१८७२–१९३७) हे मिरजेस स्थायिक झालेले थोर गायक स्वतः वाद्यदुरुस्तीत निपुण होते. तंबोऱ्याच्या जवारीविषयी ते अत्यंत काटेकोर असत.

जवारी : तंबोऱ्याच्या घोडीचा पृष्ठभाग किंचित उताराचा असतो. कंप पावणारी तार त्याला हलकेच स्पर्श करीत राहते व त्यामुळे मूळ स्वराबरोबर अनेक उपस्वर उमटतात. खर्जाच्या तारेतून ऐकू येणारा गांधार हा त्यांपैकीच होय. तारेच्या घर्षणाने घोडीवर खाचा पडल्या, की नाद बसका होतो. मग कानशीने पृष्ठभाग पुन्हा घासून ‘जवारी काढतात’. यासाठी ठरीव माप नाही. कारागीर घासतो, तार चढवितो, ऐकतो व पुन्हा घासतो. तार व घोडी यांमधील सुताच्या धाग्याची जागा मात्र वादकाने स्वतः साधावयाची असते. घोडीसाठी पूर्वी हस्तिदंत व सांबरशिंग वापरीत. वन्यजीव संरक्षण अधिनियम (१९७२) व त्यातील पुढील सुधारणा यांमुळे त्यांची जागा इतर प्राण्यांच्या हाडांनी व कृत्रिम पदार्थांनी घेतली.

नित्य निगा : खुंटी घसरत असल्यास तीस खडूची पूड लावतात. वादनानंतर तारा कोरड्या फडक्याने पुसाव्यात, म्हणजे घामाने त्या गंजत नाहीत. लांबच्या प्रवासापूर्वी त्या थोड्या उतरवितात. भोपळा धक्क्याने तडकतो, म्हणून वाद्यास गवसणी घालतात. तबल्याची पुडी पावसाळ्यात सैल पडते व उन्हाळ्यात ताणली जाते. तिला कडक उन्हात ठेवू नये व शाईला पाणी लागू देऊ नये. हार्मोनियमच्या पत्तीत धूळ अडकल्यास स्वर मुका होतो; ती मऊ कुंचल्याने काढता येते. पत्तीचे टोक घासल्यास स्वर चढतो व बुडाकडील भाग घासल्यास उतरतो. परंतु घासलेला धातू परत येत नसल्याने हे काम जाणत्या कारागिरावरच सोपवावे.

सद्यःस्थिती : १९८० नंतर इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याचा प्रसार झाला. त्याला जवारी काढावी लागत नाही व खुंटीही पिळावी लागत नाही. त्यामुळे विद्यार्थ्याची सोय झाली. पण कानाला मिळणारे एक शिक्षण हुकले. जवारीची पारख असणारा वादक व ती काढणारा कारागीर हे परस्परावलंबी आहेत. चांगला नाद मागणारे कान उरले नाहीत, तर तो देणारा हातही टिकणार नाही. म्हणून संगीतविद्यालयांत दुरुस्तीचे प्राथमिक ज्ञान देणे हे केवळ काटकसरीचे नव्हे, तर स्वरज्ञानाचेही साधन ठरते.