मेपल लीफची वाट आणि जॅकरॅबिट योहान्सेन

कॅनडाच्या क्यूबेक प्रांतात, मॉन्ट्रियलच्या उत्तरेस, लॉरेन्शियन नावाची जंगलाने झाकलेली बुटकी डोंगररांग आहे. १९३० च्या दशकात हिवाळ्यातील शनिवार-रविवारी मॉन्ट्रियलहून तिकडे खास रेल्वेगाड्या सुटत. डबे माणसांनी आणि लाकडी स्कींनी खच्चून भरलेले असत.

ही रेल्वे सहलीसाठी बांधलेली नव्हती. फ्रेंच शेतकऱ्यांनी पोटासाठी अमेरिकेतील कारखान्यांची वाट धरू नये, उत्तरेकडे वसती करावी, या ध्यासाने आंत्वान लाबेल (१८३३-१८९१) या धर्मगुरूने तिचा पाठपुरावा केला होता. जमीन खडकाळ निघाली, शेती बेताचीच पिकली. पुढे या गावांना आधार मिळाला तो बर्फाचा.

त्या बर्फावर आयुष्य वेचणारा माणूस म्हणजे हर्मन स्मिथ-योहान्सेन. जन्म १८७५, नॉर्वेतील हॉर्टन. शिक्षणाने अभियंता, व्यवसायाने यंत्रविक्रेता. ‘जॅकरॅबिट’ हे टोपणनाव त्याला उत्तरेकडील क्री आदिवासींनी दिले, असे सांगितले जाते. बर्फावर सशासारखा दिसेनासा होणारा, असा त्याचा रोख.

१९२९ च्या मंदीत त्याचा व्यवसाय बुडाला. पन्नाशी उलटलेली, पदरी संसार. कुटुंब लॉरेन्शियनमध्ये राहावयास आले. ज्या वयात माणसे हिशेब आवरते घेतात, त्या वयात याने कुऱ्हाड हाती घेतली.

१९३२ ते १९३५ या काळात मेपल लीफ ही वाट आकारास आली. उत्तरेस लाबेल, दक्षिणेस शॉब्रिज, लांबी सुमारे १२८ किलोमीटर. तिची आखणी मोठी हुशारीची होती. वाट रेल्वेच्या आसपासच्या गावांमधून नेलेली, त्यामुळे एका स्थानकावर उतरावे, दिवसभर जंगलातून स्कीवर जावे, वाटेतल्या खाणावळीत मुक्काम करावा आणि पुढच्या एखाद्या स्थानकावरून परतीची गाडी पकडावी. खाणावळवाल्यांना गिऱ्हाईक मिळाले, शहरवाल्यांना रान मिळाले. वाट पाडणाऱ्याच्या हाती मात्र पैसा फारसा लागला नाही.

तिचा कमकुवत दुवाही तिच्या जन्मातच होता. वाट खाजगी जमिनींतून जाई. शेतकऱ्याने ‘जा’ म्हटले म्हणून ती होती; कागदावर हक्क असा कुणाचाच नव्हता. शिवाय तिच्या दक्षिण टोकाशी, शॉब्रिज येथेच, याच दशकाच्या आरंभी ॲलेक्स फॉस्टर याने जुन्या मोटारीच्या बळावर फिरणारा दोर टेकडीवर बसवला होता. उत्तर अमेरिकेतील अशा पहिल्या दोरांत त्याची गणना होते. दोर धरावा, वर जावे, घसरत खाली यावे, पुन्हा दोर धरावा. चढण्याचे कष्ट संपले आणि गर्दी टेकड्यांकडे वळली. योहान्सेनला हे रुचले नाही. स्कीवर चालून डोंगर ओळखीचा होतो, दोराला लटकून नव्हे, हे त्याचे ठाम मत. (त्याचे म्हणणे हटवादी वाटेल, पण पुढे जे घडले ते त्याच्याच बाजूने साक्ष देते.)

युद्धानंतर मोटारी आल्या, महामार्ग आला, जमिनींचे भूखंड पडले. नव्या मालकांना जुनी तोंडी परवानगी ठाऊक नव्हती. कुंपणे उभी राहिली आणि मेपल लीफ जागोजागी तुटली.

योहान्सेन मात्र शंभरी ओलांडूनही स्कीवर दिसे. १९७२ मध्ये त्याला ऑर्डर ऑफ कॅनडा हा सन्मान मिळाला. देशभर लहान मुलांना स्की शिकवणाऱ्या उपक्रमाला ‘जॅकरॅबिट’ हेच नाव देण्यात आले. त्याची कन्या ॲलिस मॅक्गिल विद्यापीठाच्या संग्रहालयांची संचालक झाली, आणि वडिलांचे चरित्रही तिनेच लिहिले. जानेवारी १९८७ मध्ये, १११ व्या वर्षी, तो नॉर्वेत निवर्तला.

त्या रेल्वेचे रूळही आता उखडले गेले आहेत. १९९६ मध्ये तिच्या मार्गावर सुमारे २०० किलोमीटरचे सार्वजनिक उद्यान झाले. हिवाळ्यात त्याच्या दक्षिण भागात लोक जुन्या स्थानकांसमोरून स्कीवर जातात. ती जमीन सार्वजनिक असल्याने तेथे कुणाची मनधरणी करावी लागत नाही. मेपल लीफचे उरलेले तुकडे मात्र व्हाल-दाव्हिद, व्हाल-मोरँ यांच्या आसपासच्या जंगलात आहेत.