एकट्याने आलेली माणसे

आमच्या वडिलांची पिढी कोकणातून मुंबईला आली ती बोटीने. भाऊच्या धक्क्यावर उतरायचे, बगलेत वळकटी आणि खिशात कुणा गाववाल्याचा पत्ता. बायकापोरे गावी. त्याही आधी, १९२१ च्या खानेसुमारीत, मुंबईत पुरुषांच्या मानाने बायका जेमतेम निम्म्याच होत्या.

त्यात आपल्या माणसाचे एकटेपण दुहेरी. गिरणीत कांडी बदलली की सूत तोंडाने ओढून धोट्यातून काढावे लागे. विटाळाच्या नावाखाली साचाखात्यात आपल्याला घेत नसत, आणि पगार तर तिथेच जास्त! १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला.

आधार होता तो चाळीचा. १९२० नंतर वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी इथे बीडीडीच्या २०७ चाळी उठल्या. खोली १६० चौरस फुटांची, तीत एकाच गावचे दहा-बारा जण. रात्रपाळीवाला उठला की त्याच वळकटीवर दिवसपाळीवाला पडायचा. ज्याला वाचता येई तो सगळ्यांची पत्रे वाचायचा. त्यामुळे कुणाच्या घरची गोष्ट लपून राहत नसे, हेही खरे.

१४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षा झाली आणि दोन महिने होण्याआधीच बाबासाहेब गेले. आपण जुने देव सोडले, तशी जत्रा सुटली, गावकीतला मानपानही सुटला. पण माणसे भेटायची ती तिथेच ना? मग नव्याने भेटायचे कुठे? मंडळाची मासिक सभा, वर्गणीची वही, मयताला खांदा द्यायला माणसे, हे सगळे उभे करावे लागले.

बायकांसाठी खरी जागा झाली ती वर्षावासातल्या वाचनाची. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ वाचायचे. आमची आई लग्न करून आली तेव्हा मुंबईत तिचे म्हणावे असे कुणी नव्हते. सातवीतली एक मुलगी वाचायची, बाया ऐकायच्या. वाचन अर्धा तास, आणि नंतरच्या गप्पा तासभर. कोण आजारी, कुणाची सून रुसली, कुणाच्या घरी चूल नाही, ते तिथेच कळे. आई म्हणायची, “माहेर मला विहारात मिळालं.”

आमची एक चूकही इथे नोंदवतो. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. वर्गणी थकणारच. पण मंडळाच्या नियमाप्रमाणे थकबाकीदारांची नावे आम्ही फळ्यावर लिहीत राहिलो. माणसे सभेला येईनाशी झाली. जिन्यात गाठ पडली तरी खाली मान घालून जात. ज्यांना माणसांची सर्वात जास्त गरज, तेच घरात कोंडून बसले. शेवटी एका म्हाताऱ्या उपासिकेने भर सभेत ओल्या फडक्याने फळा पुसला. बोलली काहीच नाही. फळा पुन्हा लिहिला नाही, पण काही घरे परत आलीच नाहीत.

आता चाळी जाऊन टॉवर येताहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीत ५५६ घरांच्या चाव्या दिल्या. घर ५०० चौरस फुटांचे, संडास घरात. हे सुख आपल्या बायकांना फार आधी मिळायला हवे होते. मात्र दार आता बंद असते. आमच्या ओळखीच्या एक आजी बाविसाव्या मजल्यावर राहतात. त्यांना लिफ्टची बटणे कळत नाहीत. वर्षावासात रोज संध्याकाळी त्या फोन करतात, “वाचन आहे ना रे?” मग आमच्यातला कुणीतरी त्यांना आणायला वर जातो.